आधी मदत, मग कागद

सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०२५ रोजी देशातील सर्व राज्य सरकारांना आदेश दिला की, विशेष गरजा असणाऱ्या मुलांसाठी विशेष शिक्षकांची किती पदे लागतात हे तीन आठवड्यांत जाहीर करावे आणि ती पदे नियमित स्वरूपात भरावीत. याच खटल्यात ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यायालयाने प्रमाणही घालून दिले होते. प्राथमिक वर्गांत अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक आणि त्यापुढील वर्गांत पंधरा मुलांमागे एक. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारने हे प्रमाण शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात घातले. तरीही सव्वातीन वर्षे उलटल्यावर न्यायालयाला तीच गोष्ट पुन्हा सांगावी लागली. वृत्तपत्रांनी ही बातमी आतल्या पानावर छापली आणि ती विसरली गेली. आपल्या पक्षाच्या शाखांतून तरी तिची चर्चा झाली काय? माझ्या ऐकिवात तसे काही नाही.

याचे कारण उघड आहे. शिक्षणाच्या प्रश्नावर आपण नेहमीच बोलत आलो. पण ते शुल्कवाढीबद्दल, अनुदानाबद्दल, मातृभाषेच्या माध्यमाबद्दल आणि शिक्षकांच्या वेतनाबद्दल. ज्या मुलाला फळ्यावरचे दिसत नाही, बाईंचे बोलणे ऐकू येत नाही, अक्षरे ज्याच्या डोळ्यांपुढे जागा बदलतात किंवा जो चाळीस मुलांच्या गोंगाटाने भांबावून जातो, त्या मुलाचा प्रश्न आपण कळत नकळत दयेच्या खात्यात टाकला. तो धर्मादाय संस्थांकडे, शेठजींच्या देणग्यांकडे आणि वाढदिवसाला खाऊ वाटणाऱ्या मंडळांकडे सोपवला. हक्काचा प्रश्न दयेच्या खात्यात गेला की त्याचे राजकारण संपते आणि सरकारला नेमके तेच हवे असते.

वस्तुतः कायद्याच्या पुस्तकात या मुलांसाठी शब्दांची टंचाई नाही. १९६४–६६ च्या कोठारी आयोगाने अपंग मुलांचे शिक्षण हा सर्वसाधारण शिक्षणव्यवस्थेचाच भाग असला पाहिजे असे म्हटले होते. १९७४ मध्ये केंद्राने या मुलांच्या एकात्म शिक्षणाची योजना आणली. १९९५ च्या कायद्याने अपंगत्वाचे सात प्रकार मानले. २०१२ च्या दुरुस्तीने अपंग मूल हे शिक्षण हक्क कायद्याच्या ‘वंचित गटा’त आले. आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सातांचे एकवीस प्रकार केले. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता यांना त्यात प्रथमच स्थान मिळाले. (‘अपंग’ या शब्दाच्या जागी ‘दिव्यांग’ हा शब्द सरकारने याच सुमारास रूढ केला. शब्द बदलायला अंदाजपत्रकात तरतूद लागत नाही, हा त्याचा मोठाच फायदा.)

पण हा २०१६ चा कायदा कार्यकर्त्यांनी एकदा स्वतः, कलमागून कलम, वाचावा अशी माझी आग्रहाची विनंती आहे. कारण त्यात एक बारीक फट आहे आणि आपली असंख्य मुले त्याच फटीतून खाली पडत आहेत. कलम ३१ म्हणते की, सहा ते अठरा वर्षांच्या प्रत्येक ‘लक्षणीय’ अपंगत्व असलेल्या मुलास जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षणाचा हक्क राहील. येथे ‘हक्क’ हा शब्द आहे; मात्र लक्षणीय म्हणजे किमान चाळीस टक्के आणि ते टक्के ठरवणार वैद्यकीय मंडळ. याउलट कलम १६ हे सर्वच अपंग मुलांसाठी आहे, त्यात टक्केवारीची अट नाही. शासकीय निधीवर किंवा मान्यतेवर चालणाऱ्या शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा, मुलाच्या गरजेनुसार सोयी कराव्यात, अध्ययन अक्षमता लवकरात लवकर हेरून तिला साजेशी शिकवण्याची पद्धत अवलंबावी, अशी सुंदर यादी या कलमात आहे. पण तिच्या आरंभीच शासन हे सारे घडावे यासाठी ‘प्रयत्न’ करील, असे म्हटले आहे. म्हणजे चाळीस टक्के भरलेल्या मुलाला हक्क आणि अडतीस टक्क्यांच्या मुलाला प्रयत्न! एकोणचाळिसाव्या आणि चाळिसाव्या टक्क्यांमधली ही रेषा मुलाच्या गरजेने ओढलेली नाही. ती शासनाच्या सोयीने ओढलेली आहे.

या रेषेमुळे एक विपरीत गोष्ट घडली आहे. ज्या मदतीसाठी कायद्याने कोणताही दाखला मागितलेला नाही, त्या मदतीसाठीही शाळा आता दाखला मागू लागल्या आहेत. मुलाला पुढच्या बाकावर बसवायचे आहे, दाखला आणा. त्याला गणितासाठी अर्धा तास जास्त द्यायचा आहे, दाखला आणा. फिरत्या विशेष शिक्षकांच्या यादीत त्याचे नाव घालायचे आहे, दाखला आणा. मुख्याध्यापकांना दोष देऊन भागणार नाही. वरून येणाऱ्या प्रत्येक नमुन्यात प्रमाणपत्र क्रमांकाचा रकाना असतो आणि रकाना रिकामा राहिला की खुलासा त्यांनाच द्यावा लागतो. परंतु परिणाम व्हायचा तोच होतो. मदत ही दाखल्याची पाहुणी होऊन बसते.

आता हा दाखला मिळतो कसा ते पाहू. आधी संगणकावर अर्ज भरावा लागतो. खेड्यात त्याचा अर्थ बाजाराच्या गावी जाऊन सेवा केंद्रात पैसे मोजून तो भरून घेणे. मग जिल्हा रुग्णालयात तपासणी. तेथे प्रत्येक प्रकारच्या अपंगत्वासाठी वेगळे तज्ज्ञ लागतात आणि बहुतेक ठिकाणी मंडळ बसण्याचा वार ठरलेला असतो. त्या दिवशी कानाचे डॉक्टर रजेवर असले की पुढचा आठवडा, मानसोपचाराचे पद रिक्त असले की शेजारचा जिल्हा. शेतमजूर आईला अशा प्रत्येक खेपेमागे एका दिवसाची मजुरी आणि दोघांचे एसटीचे भाडे मोजावे लागते. एसटीत अपंगांना भाड्याची सवलत आहे खरी, परंतु ती मिळते प्रमाणपत्र दाखवल्यावर. आणि ही माउली निघालेली असते ते प्रमाणपत्र आणायला. २०१७ च्या नियमांनी अर्जावर एका महिन्यात निर्णय देण्याचे बंधन वैद्यकीय अधिकाऱ्यांवर घातले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते नियम सुधारण्यात आले. सुधारणा अशी की एका महिन्याचे तीन महिने झाले. कार्डाला मात्र रंग मिळाले. चाळीस टक्क्यांखाली पांढरे, चाळीस ते ऐंशी पिवळे आणि त्यावर निळे.

मग दाखला मिळालेल्यांची संख्या किती? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७६ व्या फेरीने २०१८ मध्ये ही मोजणी केली. देशातील अपंग व्यक्तींपैकी फक्त २८.८ टक्के लोकांजवळ अपंगत्वाचे प्रमाणपत्र होते. म्हणजे दहांतील सात जणांकडे नव्हते. त्यात लहानमोठे सगळेच आले. परंतु ज्या देशात मोठ्या माणसांना, त्यांना पेन्शनची निकड असूनही, हा कागद मिळत नाही, तेथे सात वर्षांच्या पोरीला तो चटकन मिळत असेल असे मानायला मन धजत नाही. आणि जी मदत दाखल्याला बांधली गेली ती या सातांपर्यंत पोहोचणार नाही, हे सांगायला नव्या पाहणीची गरज नाही.

अध्ययन अक्षमतेच्या बाबतीत तर प्रकरण आणखी अवघड आहे. आंधळेपण दिसते, लंगडेपण दिसते. हे दिसत नाही. असे मूल चुणचुणीत बोलते, हिशेब तोंडी करते, परंतु वाचायला दिले की अडखळते आणि लिहायला दिले की घाम फुटतो. त्याच्यासाठी मराठीत एकच अक्षर राखून ठेवले आहे, ‘ढ’. लिपीचे अभ्यासक सांगतात की ब्राह्मीपासून देवनागरीपर्यंत सारी अक्षरे बदलत गेली आणि ‘ढ’ जवळजवळ होता तसाच राहिला, म्हणून न बदलणाऱ्या विद्यार्थ्याला ते नाव पडले. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, या एका अक्षराने किती मुलांचे शिक्षण संपवले याची मोजदाद कोणी केलेली नाही. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे या अक्षमतेचे प्रमाणपत्र आठ वर्षे वयाच्या आत देता येत नाही, आणि त्यानंतर चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागते. लवकर निदान केल्यास चूक होण्याचा संभव असतो, हे तज्ज्ञांचे म्हणणे समजण्यासारखे आहे. पण याचा अर्थ असा होतो की पहिली आणि दुसरी ही वाचायला शिकण्याची दोन वर्षे मूल कागदाविना, म्हणजे आजच्या व्यवहारात मदतीविना, काढणार. तिसरीत त्याच्यामागे ‘ढ’ लागलेला असतो. पाचवीत गेल्यावर काय? महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलून पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा परत आणली. फेरपरीक्षेतही जो नापास होईल त्याला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा दिली. ज्याला कोणी ओळखलेच नाही त्याला नापास करणे एवढेच मग व्यवस्थेच्या हाती उरते.

येथे वर्गाचा प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून चालणार नाही. अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यात आपले राज्य देशात अग्रेसर होते. १९९६ पासून जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा, दुसऱ्या भाषेऐवजी अन्य विषय, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे गणित अशा तरतुदी होत गेल्या. मुंबईत शीव, नायर, केईएम या सार्वजनिक रुग्णालयांत तपासणीची सोय झाली. हे मिळवण्यासाठी पालकांनी सरकारशी आणि न्यायालयात झुंज दिली; त्याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे. पण तपासणीची साधने दीर्घकाळ प्रामुख्याने इंग्रजीत होती आणि त्यामुळे तपासले गेले ते मुख्यतः इंग्रजी माध्यमातील, शहरातील, ज्यांच्या आईवडिलांना ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द ठाऊक होता असे विद्यार्थी. मराठीतून वाचणाऱ्या मुलाला मराठीतून तपासण्याचे प्रमाणित साधन २०१५ मध्ये मनेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने हिंदी आणि कन्नडबरोबर तयार केले. सवलत १९९६ ची, मराठी साधन २०१५ चे. मधल्या एकोणीस वर्षांत जिल्हा परिषदेच्या शाळेतले तसेच मूल कोठे गेले? ते वीटभट्टीवर गेले, हॉटेलात कपबशा धुवायला गेले. त्यालाही तीच अक्षमता होती. फक्त त्याच्या अक्षमतेला दाखला नव्हता. एकाच स्वरूपाच्या दोन मुलांपैकी एकाला ‘अध्ययन अक्षम’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘ढ’. फरक मेंदूत नसतो, बापाच्या मिळकतीत असतो.

जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले तेव्हा त्यांची तक्रार हीच होती की, सरकारी खजिना भरतो रयतेच्या घामातून आणि त्यातला शिक्षणाचा खर्च होतो वरच्या वर्गांवर. खजिना तोच, तक्रारही तीच.

याला दुसरी बाजूही आहे आणि ती आदिवासी भागात ठळक दिसते. मेळघाटात कोरकू बोलणारे किंवा नंदुरबारच्या डोंगरात पावरी बोलणारे मूल पहिलीत येते आणि त्याला अनोळखी मराठीत शिकवले जाते. ते मागे पडते. आता हे मूल अध्ययन अक्षम आहे की त्याची भाषाच शाळेला येत नाही? या दोहोंत फरक करणारा जाणकार माणूस शाळेपर्यंत पोहोचला नाही तर एकीकडे खरोखरची अक्षमता ‘आदिवासीच आहे, असेच चालायचे’ म्हणून दडपली जाते आणि दुसरीकडे शहाणे मूल मंद ठरते. कागद या गुंत्यात काहीच उलगडून दाखवत नाही. त्यासाठी माणूस हवा.

आणि माणसांचे काय चालले आहे ते पाहा. सर्व शिक्षा अभियान आणि नंतर समग्र शिक्षा यांच्यामार्फत महाराष्ट्रात या मुलांचा भार वाहिला तो विशेष शिक्षकांनी. दृष्टिदोष, कर्णदोष, बौद्धिक अक्षमता यांचे रीतसर प्रशिक्षण घेतलेले हे स्त्रीपुरुष दीड दशकाहून अधिक काळ कंत्राटावर, तुटपुंज्या मानधनावर राबले. दर वर्षी करार संपायचा, काही दिवसांचा खंड दाखवायचा, पुन्हा नवा करार. गिरणीतल्या बदली कामगाराची आठवण व्हावी अशी ही रीत. २०२४ च्या उत्तरार्धात राज्य सरकारने केंद्रशाळेमागे एक याप्रमाणे ४,८६० पदे निर्माण करण्याचा आणि सुमारे तीन हजार कंत्राटी शिक्षकांना त्यांत सामावून घेण्याचा निर्णय केला. हा निर्णय त्यांच्या आंदोलनाचे आणि न्यायालयीन लढ्याचे फळ आहे, आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण साधा हिशेब करू. एका केंद्रात पंधरा शाळा धरल्या आणि आठवड्यातला एक दिवस बैठकी, माहिती, अहवाल यांत गेला असे मानले, तर रोज एक शाळा याप्रमाणे त्याच शाळेत परत यायला शिक्षकाला तीन आठवडे लागतील. ब्रेलची सहा टिंबे बोटांना ओळखीची व्हायला रोजचा सराव लागतो. तीन आठवड्यांनी एकदा येणारा शिक्षक मुलाला पाहुणाच वाटणार. न्यायालयाने सांगितले ते दहा मुलांमागे एक. आपण ठरवले केंद्रामागे एक. न्यायालयाने मुले मोजली, सरकारने नकाशावरची केंद्रे मोजली.

खर्चाचे मानही असेच. समग्र शिक्षेच्या २०२१–२६ या टप्प्यात अशा मुलामागे वर्षाला साडेतीन हजार रुपयांपर्यंत तरतूद धरली होती आणि मुलींना दरमहा दोनशे रुपये, तेही वर्षातले दहाच महिने. उरलेले दोन महिने मुलगी अपंग नसते असा हिशेब असावा.

आपल्याकडे काही मित्र म्हणतात की युरोपात पाहा, तेथे हे प्रश्न सुटले. इंग्लंडचा अनुभव या बाबतीत डोळ्यांत अंजन घालणारा आहे. १९७८ मध्ये मेरी वॉर्नॉक यांच्या समितीने मुलांची वर्गवारी सोडा, त्यांच्या गरजा पाहा असे सांगितले आणि १९८१ च्या कायद्याने गरजू मुलांसाठी ‘स्टेटमेंट’ नावाचा हक्काचा दस्तऐवज निर्माण केला. पुढे २०१४ मध्ये त्याच्या जागी शिक्षण, आरोग्य आणि देखभाल यांची एकत्रित योजना आली. ती वीस आठवड्यांत पूर्ण करण्याचे बंधन स्थानिक प्रशासनावर आहे. झाले काय? २०२४ मध्ये तयार झालेल्या योजनांपैकी निम्म्याहून कमी योजना त्या मुदतीत झाल्या. नकार मिळालेले पालक न्यायाधिकरणाकडे जातात आणि सुनावणीपर्यंत पोहोचलेल्या दाव्यांत बहुतेक सर्व पालक जिंकतात. म्हणजेच मुळातले नकार बहुधा चुकीचेच असतात. पण न्यायाधिकरणापर्यंत पोहोचायला वेळ, पैसा, शिक्षण आणि चिकाटी लागते. वॉर्नॉकबाईंनी स्वतः २००५ मध्ये एक पुस्तिका लिहून या दस्तऐवजाच्या पद्धतीवर कठोर टीका केली. दस्तऐवज असलेला आणि नसलेला अशी मुलांची नवी वर्गवारी तयार झाली होती. श्रीमंत देशातही कागद आधी आणि मदत नंतर असा क्रम लावला की मदत भांडणाऱ्यांनाच मिळते, हा त्याचा अर्थ. तथापि तेथील मुदती आणि अपिलाची वाट आपण घ्यावी. क्रम घेऊ नये.

यावर आक्षेप येईल, आणि तो आपल्याच शिक्षक साथींकडून येईल. एका खोलीत दोन इयत्ता, वर निवडणुकीची कामे, नाना प्रकारच्या माहितीचे रकाने, पोषण आहाराचा हिशेब. त्यात ही मुले आम्ही कशी सांभाळायची? आक्षेप खरा आहे. शिक्षकावर आणखी एक बोजा टाकून त्याला समावेशक शिक्षण म्हणणे ही फसवणूक आहे. शिवाय सर्व मुले एका वर्गात बसवली की समता आली, असेही नाही. जन्मतः बहिऱ्या मुलाला खुणांची भाषा बोलणारे सवंगडी आणि शिक्षक लागतात. त्याच्यासाठी चांगली विशेष शाळा ही चैनीची वस्तू नव्हे, गरजेची आहे. समावेशनाचे नाव पुढे करून विशेष शाळांचे अनुदान रखडवण्याची क्लृप्ती आपण ओळखली पाहिजे. पण या आक्षेपाचे उत्तर मुलाला दारात अडवणे हे नाही, दुसरा शिक्षक मागणे हे आहे. या लढ्यात शिक्षक संघटना आणि पालक एका बाजूला उभे राहू शकतात. आजवर सरकारने त्यांना एकमेकांसमोर उभे केले.

दुसरा आक्षेप खोट्या दाखल्यांचा. २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या अपंगत्वाच्या प्रमाणपत्रांवरून महाराष्ट्रात बराच गदारोळ झाला आणि तेव्हापासून प्रत्येक दाखल्याकडे संशयाने पाहण्याची वृत्ती बळावली आहे. नोकरी, आरक्षण, पेन्शन यांसाठी तपासणी कडक असावी, त्याबद्दल दुमत नाही. पण पुढच्या बाकावर बसण्यासाठी किंवा धडा दोनदा समजावून घेण्यासाठी कोणता बाप खोटा अर्ज करील? चोरण्यासारखे जेथे काही नाही तेथेही पहारा बसवायचा आणि त्या पहाऱ्याचा पगार मुलाच्या वेळेतून कापायचा, हा न्याय उफराटा आहे.

म्हणून मागणी स्पष्ट शब्दांत मांडली पाहिजे. वर्गशिक्षक आणि पालक यांनी मिळून लिहिलेली एक चिठ्ठी शाळेतील मदतीला पुरेशी मानावी. बसण्याची जागा, जादा वेळ, शाळेच्या परीक्षेतील लेखनिक, विशेष शिक्षकाची भेट, चष्म्याची आणि कानाची तपासणी हे सारे त्या चिठ्ठीवर सुरू व्हावे. प्रमाणपत्र लागेल ते पैशाच्या योजनांना, आरक्षणाला आणि दहावी-बारावीच्या मंडळाच्या परीक्षेला. आणि ते मिळवून देणे ही शाळेची व आरोग्य खात्याची जबाबदारी असावी, आईची नव्हे. आज शाळा शिक्षण खात्याची, दाखला आरोग्य खात्याचा आणि विशेष शाळा २०२२ च्या डिसेंबरात स्थापन झालेल्या दिव्यांग कल्याण विभागाची, अशी तीन दारे आहेत. प्रत्येक दारावरचा माणूस दुसऱ्या दाराकडे बोट दाखवतो. कलम १६ मधील ‘प्रयत्न’ हा शब्द जाऊन तेथे ‘बंधन’ येणे ही दिल्लीतील लढाई आहे, ती लांबेल. पण चिठ्ठीची मागणी मुंबईत एका शासन निर्णयाने मान्य होऊ शकते.

शाखांनी वाट पाहत बसण्याचे मात्र कारण नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि वंचित गटातील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. अपंग मूल वंचित गटात येते. म्हणजे त्याची आई त्या समितीवर हक्काने बसू शकते. किती गावांत ती बसलेली आहे? ज्या गावात आपला एकजरी कार्यकर्ता आहे तेथे हे पाहता येईल. २०१६ च्या कायद्याच्या कलम १७ ने दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांची पाहणी करून त्यांच्या गरजा कितपत भागतात हे तपासण्याचे काम शासनाला नेमून दिले आहे. पहिली पाहणी दोन वर्षांत, म्हणजे एप्रिल २०१९ पर्यंत व्हायची होती. आपल्या तालुक्यातील तिचे आकडे गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे माहितीच्या अधिकारात मागावेत. पालकांनी मुख्याध्यापकांना प्रमाणपत्राविनाच लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. उत्तर न आल्यास पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार जाऊ शकते. या कायद्याचा भंग केल्यास पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत आणि पुढे पन्नास हजार ते पाच लाखांपर्यंत दंडाची तरतूद कलम ८९ मध्ये आहे. ती पुस्तकात धूळ खात पडली आहे, कारण तिचा आधार घेणारा माणूस एकटा असतो आणि बहुधा दमलेला असतो.

मराठवाड्यातील शाखांसाठी आणखी एक गोष्ट तातडीची आहे. ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. नोव्हेंबरात मिळालेली तपासणीची तारीख या कुटुंबांना न मिळाल्यासारखीच असते. मूल तेव्हा कोल्हापूरच्या किंवा बेळगावच्या फडावर असते. शाळा जूनच्या मध्यास उघडते. तेव्हापासून दसऱ्यापर्यंत चार महिने मिळतात. तेवढ्या अवधीत, जिल्ह्याच्या गावी नव्हे तर तालुक्याच्या गावी, सर्व तज्ज्ञांसह तपासणी शिबिर घ्यावे अशी मागणी बीड, जालना, परभणीच्या शाखांनी जुलैच्या बैठकीतच ठराव करून जिल्हा शल्यचिकित्सकांकडे न्यावी. तारीख लेखी घ्यावी, आणि त्या दिवसाची मजुरी व प्रवासखर्च जिल्हा परिषदेने द्यावा हेही त्याच ठरावात लिहावे.